काळ्या पडद्यापुढे मांबेताली आके

बाल्कनीत खिळ्याला टांगलेली पिशवी माझ्या कॅमेऱ्याची आहे, हे मला तिच्यातून कपड्यांचे चिमटे काढताना कळलं. मी घरात जाऊन बायकोला विचारलं, "कॅमेरा कुठे आहे?"

"असेल की. मुरांब्याच्या बरण्यांमागे बघ," गुलसाइरा म्हणाली.

कॅमेरा खरंच जर्दाळूच्या मुरांब्यामागे होता आणि त्याच्या पट्ट्याला पाक लागला होता. मी काही बोललो नाही. माणसाचा अपमान झाला की त्याने गप्प राहावं आणि समोरच्याला ते कळावं, असं मला वाटतं. गुलसाइराला ते कळलं नाही. तिने मला उरलेले मोजे वाळत घालायला सांगितलं.

खरं सांगायचं तर चिमट्यांची चूक नव्हती. मागच्या हिवाळ्यापासून मी कॅमेऱ्याला हात लावला नव्हता. आमच्या काराकोल गावात फोटो काढणाऱ्याला विषय तीन: तळं, डोंगर, आणि तळ्यात दिसणारा डोंगर. हे तिन्ही माझे सगळ्या ऋतूंत काढून झाले होते. शेवटी संस्कृती भवनातल्या प्रदर्शनात माझ्या तळ्यासमोर एक बाई बराच वेळ उभी राहिली. मी जवळ जाऊन हळूच खाकरलो. ती वळून म्हणाली, "ही चौकट कुठे मिळाली हो?" मी तिला सुताराचं नाव सांगितलं आणि घरी येऊन कॅमेरा ठेवून दिला. तो मुरांब्यामागे कसा गेला ते मला माहीत नाही.

पण चिमटे पाहिल्यावर मला राहवेना. फोटो काढावासा वाटला पाहिजे, असं फार वाटायला लागलं. फोटो मात्र काढावासा वाटत नव्हता. ही अवस्था ज्याला आली आहे त्यालाच समजेल. बाकीचे सल्ला देतात.

आमच्या इमारतीत सल्ला नळाच्या पाण्यापेक्षा नियमित येतो. मेहुणा म्हणाला, नवा कॅमेरा घे. आमच्या शाळेतला भूगोलाचा शिक्षक म्हणाला, वर कुरणांत जा, तंबूत राहा, घोडीचं दूध पी. मी गेलो, राहिलो, प्यालो, आणि पोट बिघडवून परत आलो. इमारतीच्या कारभारीण जुमागुल एजे म्हणाल्या, "मास्तर, आपल्या गच्चीच्या गळतीचे फोटो काढा. नगरपालिकेला दाखवता येतील. कलेची कला, कामाचं काम." एजे म्हणजे ताई, आमच्याकडे त्यांच्याहून मोठेसुद्धा त्यांना एजेच म्हणतात, कारण गच्चीची किल्ली त्यांच्याकडे असते. मी गळतीचे फोटो काढले. नगरपालिकेने फोटो चांगले आहेत असं कळवलं.

शेवटी गुलसाइराच म्हणाली, "तळी आणि गच्च्या पुरेत आता. माणसांचे काढ. आपल्या इमारतीत एवढी म्हातारी माणसं आहेत, चेहऱ्यांवर काय काय आहे बघ तरी एकदा."

हे मला पटलं. बायकोचं पटलं की मी ते आपल्याला आधीच सुचलं होतं असं म्हणतो, तसं याही वेळी म्हणालो. मनात सगळं चित्र उभं राहिलं. खिडकीतून येणारा एका बाजूचा उजेड, मागे गर्द काळोख, खांद्यापर्यंतचा माणूस, गंभीर मुद्रा, आणि रंगाचा पसारा नको म्हणून कृष्णधवल. काळोखासाठी काळा पडदा हवा. तो आमच्या शाळेच्या रंगमंचावर होता.

मी त्या शाळेत आरेखन शिकवतो. पडदा मागायला उपमुख्याध्यापकांकडे गेलो. ते म्हणाले, "कशासाठी?"

"कलेसाठी."

"कला कोणाच्या अखत्यारीत येते?" त्यांनी बराच विचार केला. संगीताच्या बाई म्हणाल्या, आमच्या नाही. व्यायामशिक्षकांनी तर हात वर केले. शेवटी पडदा धुवायला नेला आहे अशी नोंद झाली, म्हणजे परत देताना तो धुऊन देणं मला भाग होतं. मखमलीचा तो पडदा मी खांद्यावर टाकून भर दुपारी गावातून घरी आणला.

पहिला चेहरा मी ठरवूनच ठेवला होता. तिसऱ्या मजल्यावरचे मांबेताली आके; आके म्हणजे दादा, तसं वडीलधाऱ्या बाईला अपा. जन्मभर घाटातून मालमोटार चालवलेला माणूस. कपाळावर त्या सगळ्या घाटाच्या रेघा. बायको सालिमा अपा गेल्यापासून एकटेच राहत. पूर्वी त्यांच्या घरातून हसण्याचे आवाज जिन्यापर्यंत यायचे, पण आता आके बाकावर डॉमिनो खेळायचे आणि जिंकले तरी तोंड उघडायचे नाहीत. मी त्यांना जिन्यातच गाठलं.

"आके, तुमचा एक फोटो काढायचाय. माझ्याकडे या. मागे काळा पडदा लावलाय. फक्त चेहरा हवा, खांद्यापर्यंत. हसायची गरज नाही."

आके माझ्याकडे बघत राहिले. मग कठड्याला धरून हळूच पायरीवर बसले.

"गुलसाइराने सांगितलं का तुला?" त्यांनी विचारलं.

"हो, कल्पना तिचीच."

"किती वेळ आहे?"

मला वाटलं, ते फोटोला लागणारा वेळ विचारताहेत. "फार नाही," मी म्हणालो. "पण घाई करायला हवी. उजेड आहे तोवर उरकून घेऊ."

आकेंनी डोक्यावरची पांढरी टोपी काढली, मांडीवर ठेवली, आणि माझा हात धरून म्हणाले, "पोरा, तू तोंडावर सांगितलंस, उपकार झाले. डॉक्टर लोक लपवतात." आणि ते उठून घरी गेले. मला वाटलं, म्हातारपणामुळे थोडं बोलणं इकडचं तिकडे होतं. मी पडदा नीट केला आणि वाट पाहत बसलो. ते काही आले नाहीत.

आता माझ्या बाजूने दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक, गुलसाइरा आमच्या भागातल्या दवाखान्यात रक्ततपासणीच्या खोलीत काम करते. इमारतीतल्या प्रत्येकाचं रक्त कधी ना कधी तिच्या हाताखालून गेलेलं आहे. दुसरी, आमच्याकडे कबरीवरच्या काळ्या दगडावर माणसाचा चेहरा कोरतात. त्यासाठी जो फोटो लागतो तो असाच असतो: मागे काळं, खांद्यापर्यंत माणूस, तोंड मिटलेलं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण कलेच्या विचारात असलेल्या माणसाला कधी कधी साध्या गोष्टी सुचत नाहीत, एवढंच मी म्हणेन.

दुसऱ्या दिवशी मी आणखी दोघातिघांना विचारलं. एकाने माझ्या तोंडावर दार लावलं. एकीने मला मिठी मारली आणि आपल्या सुनेचा स्वभाव सांगितला. शुक्रवारी जिन्यात तळणाचा वास दरवळायला लागला. गेलेल्यांच्या नावाने आम्ही शुक्रवारी बोरसोक तळतो, कणकेचे ते छोटे फुगीर तुकडे. तेलाचा वास त्यांना पोचतो म्हणतात. वास मांबेताली आकेंच्या घरातून येत होता. मी डोकावलो तर त्यांची बहीण तळत होती, डोळे पुसत होती, आणि आके स्वतः ताटातले बोरसोक सायीबरोबर खात बसले होते.

"कुणाचा दिवस आहे आज?" मी विचारलं.

"सध्या कुणाचाच नाही," बहीण म्हणाली आणि पुन्हा डोळे पुसायला लागली.

शनिवारी आकेंचा मुलगा बिश्केकहून आला. येताना वाटेतल्या गावात तो एक घोडी बघून आला होता. घोडी कशासाठी बघतात हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. मोठ्या माणसाच्या मयताला येणाऱ्यांना जेवण घालायचं तर बकऱ्यावर भागत नाही. दार उघडं होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"दात बघितलेस का तिचे?" आके विचारत होते.

"बघितले, बाबा. तुम्ही पडून राहा."

"म्हातारी असेल तर घेऊ नकोस. लोक माझ्या नावाने चघळत बसतील."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी धावत आत गेलो आणि म्हणालो, "आके, तुम्हाला काही झालेलं नाही! मला नुसता फोटो हवा होता!"

मुलाने माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागे सरलो. आके मात्र शांतपणे म्हणाले, "त्याला रागावू नकोस. बायकोने दम दिला असेल. आता तो असंच म्हणणार."

त्यानंतर इमारतीत माझे दोन पक्ष झाले. एक मला टाळणारा. मी कॅमेरा गळ्यात घालून अंगणात उतरलो की डॉमिनोचं टेबल रिकामं व्हायचं. गुडघेदुखीमुळे मशिदीत न जाणारी माणसं कुंपणावरून पलीकडे जायची. दुसरा पक्ष म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या कालिपा अपा. इमारतीत सगळ्यांत वयस्कर त्याच. त्यांना मी विचारलं नव्हतं, म्हणून त्या रागावल्या होत्या.

"मांबेताली माझ्यापुढे शेंबडं पोर," त्या मला अडवून म्हणाल्या. "त्याला आधी बोलावलंस? माझा चेहरा काय दगडाला शोभत नाही?"

"अपा, कुणालाच बोलावलं नव्हतं. ती कला होती."

"मग मला कलेत घे," अपा म्हणाल्या. "रांग म्हणून काही असते."

मला हसू आलं असतं, पण सोमवारी गुलसाइरा दवाखान्यातून आली ती कोट न काढता खुर्चीत बसली. मुख्य डॉक्टरांकडे तक्रार गेली होती. रक्ततपासणीच्या बाई रुग्णांचे निकाल नवऱ्याला सांगतात आणि नवरा घरोघर जाऊन लोकांना तयारीला लावतो. डॉक्टर स्वतः समजूतदार होते, पण वरून चौकशी आली तर तिला त्या खोलीत ठेवता येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्या खोलीत ती कॉलेज संपल्यापासून होती. कोटाचं एकच बटण ती लावत होती आणि काढत होती. मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं, आणि मला माझी फार लाज वाटली.

"मी सगळ्यांना समजावतो," मी म्हणालो.

"तू कुणाला काही समजावू नकोस!" ती म्हणाली. "तू समजावलंस की माणसं घोडी बघायला जातात." मग म्हणाली, "मांबेताली आकेंचा फोटो काढ. अंगणात, दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर. पण हसताना. दगडावरचे लोक हसत नाहीत. ते हसले की लोकांची खात्री पटेल. नाहीतर हा कॅमेरा मीच विकून येते."

"आणि ते हसले नाहीत तर?"

"तर मुरांबा कर तुझ्या कॅमेऱ्याचा," ती म्हणाली आणि कोट काढायला लागली.

आकेंना मुलाने समजावून आणलं की ओढून आणलं, मला माहीत नाही. रविवारी ते अंगणात खुर्चीवर बसले. पांढरी टोपी, कोट, कोटावर पदकं. काळा पडदा मी घरीच ठेवला होता. त्याऐवजी स्वच्छ, इस्त्री केलेली पांढरी चादर दोरीवर टाकून चिमटे लावले. चिमटे पिशवीतच होते, ते बरं झालं.

कालिपा अपांनी चादर पाहिली आणि छातीवर हात मारला. "आधी दगड, आता कफन! याला म्हाताऱ्याला अंगणातूनच न्यायचंय!"

अंगणात कल्लोळ झाला. मुलगा पुढे आला. गुलसाइराने मधे पडून चादर ओढून काढली आणि घरातली लाल फुलांची रजई आणून दोरीवर घातली. इतकी मोठी फुलं मी फोटोत कधी घेतली नव्हती आणि घ्यायची इच्छाही नव्हती. पण मला कोणी विचारलं नाही.

मग हसवणं सुरू झालं. मुलाने बिश्केकचा एक किस्सा सांगितला. तो स्वतःच हसला. जुमागुल एजेंनी गच्चीच्या गळतीवर नगरपालिकेचं उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं. सगळं अंगण हसलं, आके तेवढे कॅमेऱ्याकडे बघत राहिले, तोंड घट्ट मिटून, अगदी दगडावर शोभेल असे.

"हसा ना, आके," मी म्हणालो. "माझ्या बायकोच्या नोकरीचा प्रश्न आहे."

"हसू येत नाही रे, पोरा," ते म्हणाले, अगदी प्रामाणिकपणे. "सांगून कसं येईल? आमच्या घरी हसवायचं काम सालिमाचं होतं."

गुलसाइरा माझ्याकडे बघत होती. मी कॅमेऱ्यातून पाहिलं तर आके चौकटीत पुरते मावत नव्हते. काहीतरी करायचं म्हणून मी म्हणालो, "जरा मागे सरून घेतो."

एवढं ऐकल्यावर अंगणाला कामच मिळालं.

"मागे या, मास्तर!" जुमागुल एजे ओरडल्या. "पदकं कापली जाताहेत!"

"अजून मागे! टोपी आली का?"

"डावीकडे जा! तुमचं डावं नाही, आमचं डावं!"

"या, या, मोकळं आहे मागे!" हे बहुतेक मेहुणा म्हणाला. त्याच्याशी मी अजून बोलत नाही.

कालिपा अपांनी नव्या रजईसाठी मेंढीची लोकर मोठ्या पत्र्याच्या टबात भिजत घातली होती, दोन दिवसांपासून. मी डोळ्याला कॅमेरा लावून मागे सरकत गेलो, टबाचा काठ मला गुडघ्यामागे लागला, आणि मी बसलो. पूर्ण बसलो. पाणी कोटाच्या खिशांपर्यंत आलं. कॅमेरा तेवढा मी दोन्ही हातांनी वर धरला होता.

मग कालिपा अपा म्हणाल्या, "हलू नकोस! लोकर गुंतेल!"

आणि आके हसले. आधी खांदे हलले, मग पदकं वाजायला लागली, मग तोंड उघडलं आणि वरचे सगळे सोन्याचे दात उन्हात चमकले. टोपी एका कानावर घसरली. मागे लाल फुलं, वर दोरी, दोरीवर दोन मोकळे चिमटे. मी टबात बसून खालून हे सगळं पाहिलं. उजेड कुठल्या बाजूचा आहे, मागे काय आहे, मी काहीएक विचार केला नाही. बोट आपोआप दाबलं गेलं, पुन्हा दाबलं गेलं. कपड्यांतून भिजलेल्या मेंढीचा वास येत होता आणि मला इतकं बरं वाटत होतं की मी उठायचंच विसरलो.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आके मरणार नाहीत हे गावभर झालं. मास्तर टबात पडला हेही झालं. पहिली बातमी पोचवायला दुसरी फार उपयोगी पडली. तक्रार करणाऱ्याने तक्रार मागे घेतली. तो आकेंचा मुलगाच होता, आणि जाताना त्याने गुलसाइराला सफरचंदांची पेटी दिली. घोडी ज्याची होती त्याच्याकडेच राहिली. पडदा मी धुतला पण तो आटला, आणि ते प्रकरण शाळेत अजून चालू आहे.

फोटो मोठा करून मी मांबेताली आकेंकडे घेऊन गेलो. त्यांनी तो खिडकीपाशी नेला, हात लांब करून पाहिला, जवळ घेऊन पाहिला. मग म्हणाले, "हाच लाव दगडावर."

"आके! तुम्हाला काही झालेलं नाही!"

"आज नाही. कधीतरी होईलच की. तेव्हा हाच. मुलाला मी सांगून ठेवतो."

"पण दगडावर कोणी हसत नाही," मी म्हणालो. "लोक काय म्हणतील?"

आकेंनी फोटो टेबलावर ठेवला आणि टोपी मागे सारली. "सालिमाच्या दगडावर पासपोर्टातला फोटो आहे," ते म्हणाले. "घरात दुसरा नव्हता. वसकन अंगावर यावं तशी बघते त्यात. जन्मभर हसलेली बाई, आणि येणारा जाणारा म्हणतो, काय खडूस होती! मला जाऊन बसवत नाही तिथे." त्यांनी फोटोतल्या सोन्याच्या दातांना बोट लावलं. "माझी जागा तिच्या शेजारीच आहे. तिथे मी असा हसत असलो की लोकांना वाटेल, म्हाताऱ्याने काहीतरी आगाऊपणा केलाय आणि म्हणून ती चिडलीय. बस. आमच्या घरी अगदी असंच असायचं."

ते पुन्हा फोटोकडे बघून हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही. खिडकीतून एका बाजूने उजेड येत होता. मला फोटो काढावासा वाटला. कितीतरी दिवसांनी, कोणी न सांगता, नुसता वाटला. कॅमेरा गळ्यातच होता. मी तो उचलला.

"अरे थांब, टोपी नीट करू दे!" आके ओरडले.

मी थांबलो नाही.